पिकअपच्या देखभालीचे वेळापत्रक: पुस्तिका, मिस्त्री आणि चालक यांपैकी कोणाचे ऐकावे?

नमस्कार.

तुमची अडचण मला जशी समजली तशी आधी मांडतो. दोन वर्षे वापरलेली, ६२,००० किलोमीटर चाललेली बीएस ६ डिझेल पिकअप तुम्ही विकत घेतली आहे. संत्र्याच्या हंगामात ती काटोलहून नागपूरच्या कळमना बाजारात माल आणते आणि एरवी बुटीबोरीहून शहरात टाइल्स व सिमेंट वाहते. आधीच्या मालकाकडे सर्व्हिसची कोणतीही नोंद नाही. पुस्तिकेत सर्व्हिस दर २०,००० किलोमीटरला लिहिली आहे, घराजवळचा मिस्त्री दर ५,००० ला ऑइल बदला म्हणतो आणि चालकाचे म्हणणे असे की चालत्या गाडीला उगाच हात लावू नये. या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, असा तुमचा प्रश्न आहे. वाडी भागात गेली चोवीस वर्षे मी छोट्या मालवाहू गाड्यांचेच काम करतो, त्यामुळे हा प्रश्न जवळपास दर महिन्याला कोणीतरी विचारतेच.

तिघेही फक्त ऑइलबद्दल बोलत आहेत, ही यातली खरी गोम आहे. तुमच्या पुस्तिकेतला तक्ता उघडून नीट पाहिलात तर त्यात दोन प्रकारच्या खुणा दिसतील: एक ‘बदला’ आणि दुसरी ‘तपासा’. ‘बदला’ची कामे मोजकी असतात, त्यांचे बिल होते, त्यामुळे ती कशीबशी होतातच. ‘तपासा’ची कामे त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, त्यांचे बिल होत नाही, आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्यापुढे न पाहताच टिकमार्क केला जातो. माझ्याकडे टोचन होऊन येणाऱ्या गाड्यांपैकी फारच थोड्या ऑइल उशिरा बदलल्यामुळे आलेल्या असतात. न पाहिलेला होजपाइप, सैल झालेला यू-बोल्ट (मागचे पाटे आसाला बांधणारा), कोरडा पडलेला क्रॉस (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टचा सांधा), फाटलेला पट्टा यांमुळेच त्या रस्त्यात थांबलेल्या असतात.

दुसरी गोष्ट अशी की २०,००० हा आकडा सर्वसाधारण वापरासाठी छापलेला असतो. बहुतेक पुस्तिकांत मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, खडतर वापराचा वेगळा परिच्छेद असतो: धुळीचे रस्ते, सतत पूर्ण भार, फार उष्ण हवामान, वारंवार थांबणे, गाडी उभी असताना इंजिन चालू राहणे. यातली एखादी अट जुळली तरी अंतर कमी करा, असे तिथे सांगितलेले असते. नागपुरात सिमेंट वाहणाऱ्या गाडीला यातल्या सगळ्याच अटी लागू होतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कळमन्यात गाडी खाली व्हायला तास-दोन तास लागतात आणि तोवर इंजिन चालूच असते. त्या वेळात किलोमीटरचा काटा हलत नाही, ऑइल मात्र झिजत असते. उभ्या गाडीतले एक तास चालू इंजिन म्हणजे साधारण ४० ते ५० किलोमीटर, असा माझा ठोकताळा आहे. तो धरून हिशेब केलात तर तुमच्या गाडीचे खरे किलोमीटर काट्यापेक्षा बरेच पुढे निघतील. पुस्तिकेत किलोमीटरसोबत महिनेही लिहिलेले असतात आणि दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचे असते, हेही पुष्कळ जण विसरतात.

त्यामुळे आकडा हवाच असेल तर माझे मत असे: पुस्तिकेत खडतर वापराचे अंतर वेगळे दिले असेल तर तेच पाळा; नसेल तर छापील अंतराच्या निम्म्यावर, म्हणजे दर १०,००० किलोमीटरला इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. मिस्त्रीचे ५,००० हे जुन्या इंजिनांच्या आणि साध्या ऑइलच्या काळातले अंतर आहे. त्याने गाडीचे नुकसान होणार नाही, खर्च मात्र दुप्पट होईल. गाडी अजून वॉरंटीत असण्याची शक्यता आहे, तेव्हा मालकी बदलल्यावर ती पुढे चालते का, आणि चालत असल्यास सर्व्हिस कुठे करून घ्यावी लागते, हे वॉरंटीच्या कागदात आधी पाहून घ्या.

ऑइल किती किलोमीटरला बदलता यापेक्षा कोणते घालता याची चौकशी तुमच्या गाडीसाठी जास्त गरजेची आहे. बीएस ६ गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. अडकलेली काजळी गाडी स्वतःच अधूनमधून जाळून टाकते, त्यासाठी आतले तापमान ६०० अंशांच्या आसपास जावे लागते. ऑइलमधल्या काही रसायनांची राख मात्र जळत नाही, ती कायमची तिथेच बसते. म्हणून या इंजिनांना कमी राखेचे ऑइल लागते आणि त्याचा दर्जा पुस्तिकेत अक्षर-अंकांसह दिलेला असतो. डब्यावर तीच अक्षरे आहेत का ते स्वतः वाचून घ्या. ‘डिझेलचेच आहे, चालते’ हे उत्तर इथे पुरेसे नाही. तसेच डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागल्यावर चालकाने गाडी बंद करून चहाला जाऊ नये. वर्धा रोडसारख्या मोकळ्या रस्त्यावर, पुस्तिकेत दिलेल्या वेगाने, दिवा विझेपर्यंत ती चालवावी. ही जाळण्याची क्रिया वारंवार अर्धवट सुटली की जादा डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर लोक खूश होतात. खरे तर कमी होण्यापेक्षा वाढणे जास्त काळजीचे आहे. डिझेलच्या इंजिनात नवे ऑइलही थोड्याच दिवसांत काळे होते, त्यामुळे रंगावरून काही ठरवू नका. पातळी पाहायची ती सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी.

आता धुळीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात इंजिने उन्हाइतकीच धुळीनेही मरतात. मागच्या एप्रिलमध्ये उमरेडच्या बाजूला कोळशाच्या कामावर चालणारी एक पिकअप माझ्याकडे आली. ओढ कमी झालेली, धूर काळा. चालकाने सांगितले की एअर फिल्टर आठच दिवसांपूर्वी बदलला आहे, आणि फिल्टर खरोखरच नवा होता. मी डबा पूर्ण उघडला आणि फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या पाइपमध्ये बोट फिरवले. बोटाच्या पेराला राखाडी, पिठासारखी बारीक धूळ लागली. कागदाच्या कडेचे रबर बसवताना एका ठिकाणी दुमडले होते, त्यावरच क्लिप दाबली होती आणि तिथे आगकाडी जाईल एवढी फट राहिली होती. आठ दिवस ती गाडी एका अर्थी बिनफिल्टरचीच धावत होती. ही धूळ आधी टर्बोच्या पात्यांना खाते आणि मग पिस्टनच्या रिंगांना. म्हणून फिल्टर बदलताना डब्याचा आतला भाग ओल्या कापडाने पुसणे, रबर चहूबाजूंनी नीट बसले का ते पाहणे आणि पुढच्या पाइपात एकदा बोट फिरवणे, ही तीन कामे तुमच्यासमोर करून घ्या.

फिल्टर झाडायचा असेल तर कॉम्प्रेसरची हवा कमी दाबाने, आतून बाहेरच्या दिशेने मारावी. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी खोल रुतते आणि जवळून जोरात मारली तर कागदाला छिद्र पडते. झाडून झाल्यावर फिल्टरच्या आत बल्ब किंवा मोबाइलची बॅटरी धरून बाहेरून पाहा. उजेडाचा टिपका दिसला तर तो फिल्टर फेकून द्या. सिमेंटच्या कामावर गाडी असेल तेव्हा दर पंधरा दिवसांनी हा डबा उघडावा, असे मी सांगेन. संत्र्याच्या हंगामात, डांबरी रस्त्यावर, महिन्यातून एकदा पुरते.

डिझेल फिल्टरचे एका परिच्छेदात आटोपते. कॉमन रेल इंजिनात (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या) डिझेलचा दाब १,६०० बार किंवा त्याहूनही वर जातो आणि इंजेक्टरची भोके केसासारखी बारीक असतात, त्यामुळे पाण्याचा अंश किंवा कचरा तिथे अजिबात चालत नाही. फिल्टरच्या तळाशी पाणी सोडण्याचा स्क्रू असतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तो सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढून पाहा. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी आहे. फिल्टर पुस्तिकेच्या वेळेत, कंपनीचाच घाला. यात वाचवलेले पैसे एका इंजेक्टरच्या खर्चात कितीतरी पटींनी परत जातात.

उन्हाळ्याचा विषय निघाला की रेडिएटर आलाच. कूलंटच्या जागी बोअरचे पाणी भरणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. ते पाणी जड असते. रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतो, वॉटर पंपाचे सील जाते आणि गाडी पहिल्या उन्हाळ्यात नाही तर दुसऱ्या उन्हाळ्यात तापायला लागते. पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणाचे कूलंटच भरा आणि सांगितलेल्या मुदतीत ते पूर्ण बदला. रेडिएटरचे झाकणही तपासा. ते दाब धरून ठेवते म्हणूनच आतले द्रव १०० अंशांना उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले की कूलंट बाहेर पडत राहते आणि गळती कुठे आहे ते सापडत नाही. जाळीत बसलेली धूळ, भुसा आणि किडे इंजिनच्या बाजूने बाहेर, मंद पाण्याने धुऊन काढावेत, तेही इंजिन थंड असताना.

याच संदर्भात एक इशारा. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. जुन्या गाड्यांत हा उपाय सर्रास केला जात असे. तुमच्या गाडीत तो केला तर इंजिन आवश्यक तापमानाला पोचणारच नाही, काजळी जाळण्याची क्रिया सुरू होणार नाही, आणि तापण्याच्या तक्रारीऐवजी डीपीएफ तुंबल्याची तक्रार घेऊन तुम्ही परत गॅरेजमध्ये याल. गाडी तापत असेल तर त्याचे कारण शोधावे लागते आणि ते बहुतेक वेळा जाळी, पट्टा, पंखा किंवा झाकण यांपैकी एकात सापडते.

आता गाडीच्या खालची बाजू. तिथे मालक सहसा वाकून पाहत नाही, त्यामुळे फसवणूकही तिथेच जास्त होते. दोनेक वर्षांपूर्वी एक पिकअप माझ्याकडे आली. भरलेली असताना पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की खालून ‘टक्’ असा आवाज येत होता. मालक शिस्तीचे होते, प्रत्येक सर्व्हिसचे बिल फाइलमध्ये लावलेले, आणि प्रत्येक बिलात ग्रीसिंगचे पैसे घेतलेले. गाडी पिटावर घेऊन प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस पाहिला तर त्याच्या ग्रीस भरायच्या निपलवर चेसीसचा काळा रंग होता. पासिंगसाठी गाडी रंगवली तेव्हाचा तो रंग, आणि त्याला ओरखडासुद्धा पडलेला नव्हता. याचा अर्थ वर्षभरात ग्रीस गनचे तोंड त्या निपलला एकदाही लागलेले नव्हते. क्रॉस उघडला तेव्हा बेअरिंगच्या सुयांची लालसर भुकटी झालेली होती. शाफ्ट चालत्या गाडीत निखळला नाही, हे नशीबच म्हणायचे.

म्हणून ग्रीसिंग करताना समोर उभे राहा. कोणते निपल कुठे आहेत हे पुस्तिकेतल्या आकृतीत पाहून मोजून ठेवा. गाडीप्रमाणे त्यांची संख्या बदलते आणि काही नव्या गाड्यांत क्रॉस सीलबंद असल्यामुळे निपलच नसते. जिथे आहे तिथे जुने काळपट ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत गन मारली पाहिजे. ग्रीस आत जातच नसेल तर निपल तुंबले आहे, ते बदलायचे. तुमच्या वापराला मी दर ५,००० किलोमीटरला ग्रीसिंग सांगेन, म्हणजे मिस्त्रीचा आकडा इथे बरोबर ठरतो. पावसाळ्यात पाण्यातून गाडी गेली असेल तर किलोमीटरची वाट पाहू नये. त्याच वेळी मागच्या पाट्यांकडे (स्प्रिंगच्या पानांकडे) नजर टाका: एखादे पान तडकले आहे का, मधला बोल्ट जागेवर आहे का, यू-बोल्टच्या नटांभोवती गंजाची ताजी भुकटी दिसते का. तशी भुकटी दिसली तर नट हलतो आहे असे समजावे.

गिअरबॉक्स आणि क्राउनचे (मागच्या आसातल्या गिअरचे) ऑइल लोक वर्षानुवर्षे पाहत नाहीत, कारण ते दिसत नाही. तुमच्या गाडीची नोंद नसल्यामुळे दोन्ही एकदा बदलूनच टाका. इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. धंद्याच्या पहिल्या वर्षांत मी एका गाडीचा गिअरबॉक्स संध्याकाळी खाली करून घेतला आणि मग भरायचा वरचा प्लग उघडायला गेलो, तर त्याचे डोके गोल झालेले. गाडी पहाटे मालाला जायची होती आणि तिच्यात थेंबभर ऑइल नव्हते. रात्री बारा वाजता वेल्डरला झोपेतून उठवून प्लगवर नट जोडला, तेव्हा कुठे तो फिरला. तेव्हापासून भरायचा प्लग आधी सैल करायचा आणि मगच खालचा उघडायचा, हा नियम माझ्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. क्राउनच्या हाउसिंगवर एक छोटा ब्रीदर असतो; तो चिखलाने बुजला की आतला दाब बाहेर जाऊ शकत नाही आणि चाकाच्या सीलमधून ऑइल गळून ब्रेक लायनरवर येते. सील दोनदा बदलूनही गळती थांबत नसेल तर आधी तो ब्रीदर मोकळा करून पाहावा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचे असते, गाडी कितीही कमी चालली असली तरी. डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश असतो आणि ओलावा मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. शहरात हा फरक जाणवत नाही. छिंदवाड्याच्या वाटेवरचा घाट भरलेल्या गाडीने उतरताना पेडल नरम पडते, ते यामुळे. मागचे ड्रम दर १०,००० ला उघडून लायनर पाहा, धूळ साफ करा आणि हँडब्रेक त्याच वेळी ओढून घ्या.

टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी तपासावी. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की हवा साधारण १ पीएसआयने वाढते, त्यामुळे दुपारी तापलेल्या टायरमधली हवा ‘जास्त झाली’ म्हणून काढून टाकणे ही चूक आहे. रात्री थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेवर उभा असतो. भारानुसार पुढची व मागची हवा वेगवेगळी असते, तो तक्ता दरवाजाच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत मिळेल. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते: पहिले दोन अंक आठवडा, नंतरचे दोन वर्ष. सेकंड हँड गाडी घेतल्यावर स्टेपनीसकट पाचही टायरवरची ही खूण वाचून घ्या. तुम्ही समृद्धी महामार्गावर लांबचे भाडे घेत असाल तर हे आणखी महत्त्वाचे, कारण तासन्‌तास एकाच वेगाने, तापलेल्या काँक्रीटवर गाडी चालते आणि जुना किंवा कमी हवेचा टायर तिथे दगा देतो.

हे सगळे कसे बसवायचे, तर आपल्याकडचे वर्ष तीन ठिकाणी मोडा. मार्च संपण्यापूर्वी थंडाव्याची कामे: कूलंट, पट्टे, जाळी, बॅटरीचे पाणी आणि टायर. जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाची: वायपर, दिवे, ब्रेक, डिझेल फिल्टर, पूर्ण ग्रीसिंग. दिवाळीच्या आगेमागे, संत्र्याची गर्दी सुरू होण्याआधी, खालची बाजू: पाटे, क्रॉस, क्लच, गिअर व क्राउनच्या ऑइलची पातळी. इंजिन ऑइल यापासून वेगळे, किलोमीटरवर. तुमच्या गाडीचे मागचे काहीच माहीत नसल्यामुळे सुरुवातीला मात्र हे सारे एकाच वेळी करून घ्या आणि तो दिवस शून्य धरा. इंजिनात टायमिंग बेल्ट आहे की चेन, हेही त्याच दिवशी विचारा. बेल्ट असेल तर तो बदलण्याचे अंतर ठळक लिहून ठेवा, कारण तो तुटण्यापूर्वी आवाज करेलच असे नाही. पासिंग पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी असते. तिची तारीख आणि पीयूसीची तारीख त्याच पानावर असू द्या.

राहिला चालक. चालत्या गाडीला हात लावू नये, या त्याच्या म्हणण्यामागे बहुधा एखादा वाईट अनुभव असतो: चांगली गाडी गॅरेजमध्ये नेली आणि बिघडवून आणली, असा. तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही, फिल्टरच्या दुमडलेल्या रबराची गोष्ट वर सांगितलीच आहे. पण गाडीचा आवाज बदलला हे सर्वांत आधी त्यालाच कळते, म्हणून त्याला या कामात घ्या. रोज सकाळी पाच मिनिटे: ऑइल, कूलंट, टायर, गाडीखाली पडलेले थेंब आणि दिवे. जे वेगळे वाटेल ते काट्यावरच्या आकड्यासह वहीत लिहायचे, आणि या पाच मिनिटांचे त्याला महिन्याला थोडे जास्त पैसे द्यायचे. माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांनी असे केले त्यांच्या वह्या पाहून मी अर्धे निदान गाडी न उघडता करतो. वही डॅशबोर्डच्या खणात ठेवा आणि पेन तिला दोरीने बांधून टाका, नाहीतर ते आठवडाभरात हरवते.